समोरचा वारा

“मग त्यांना बसने परत पाठवायचं, की नाही?”

सम्मेद मगदूमने हे विचारलं तेव्हा आवटी सर सायकलच्या मागच्या चाकात हवा भरत होते. गदगच्या धर्मशाळेचं अंगण. नुकतंच उजाडलं होतं. मिरजेहून हंपीला निघालेली आठ जणांची तुकडी निघण्याच्या तयारीत होती.

सरांनी पंप थांबवला नाही.

सम्मेद बोलत होता ते सुलभाताई कोरेंबद्दल. ताईंनी पन्नाशी ओलांडलेली. लांबचा प्रवास सायकलने त्या पहिल्यांदाच करत होत्या, आणि निघाल्यापासून रोज सगळ्यांत मागे पडत होत्या. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, आपण बसने परत जातो, असं रात्री जेवताना त्या स्वतःच सरांना म्हणाल्या होत्या.

“ठरवतील त्या,” सर म्हणाले.

आवटी सरांनी हायस्कुलात खेळ शिकवण्यात उभं आयुष्य घालवलं होतं. सम्मेदला शर्यतीची सायकल हातात दिली ती त्यांनीच. आता सत्तरी आली होती. यंदाची फेरी आपली शेवटची, पुढच्या वर्षी तुकडी दुसऱ्या कुणीतरी न्यावी, असं त्यांनी मिरजेतच सांगून टाकलं होतं. तो दुसरा कोण, ते सांगितलं नव्हतं.

सम्मेदला मात्र त्यात शंका नव्हती.

त्या दिवशी पूर्वेचा वारा होता, थेट तोंडावर येणारा. अशा वाऱ्यात एकामागे एक, चाकाला चाक लावून चालवायचं असतं. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना आडोसा मिळतो. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होतो, शेवटी जाऊन लागतो, आणि दुसरा पुढे येतो. सरांनी सगळ्यांना हेच शिकवलं होतं.

“आज पाळ्या नकोत, सर,” सम्मेद म्हणाला. “पुढे मी राहतो. मग ताईसुद्धा येतील आरामात.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

सरांनी पंप सायकलला बांधला.

“बरं.”

गदग मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळं रान उघडं झालं. झाड नाही, आडोसा नाही. दूरवर पवनचक्क्या फिरत होत्या. सम्मेद हँडलवर वाकला आणि त्याने जोर लावला.

तो खरंच चांगला चालवत होता. वारा ढकलत होता, हा मागे हटत नव्हता. पाठीमागे सात सायकलींची घरघर ऐकू येत होती, तेवढी त्याला पुरत होती. मागे वळून बघायची गरज त्याला वाटली नाही.

चहाला थांबले तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. सुलभाताईंनीही केलं. एकाने थोडा वेळ मी पुढे राहतो म्हणून बघितलं. सम्मेदने हसून मान हलवली.

सर बशीत चहा ओतून पीत होते.

जेवणानंतर वारा वाढला.

सम्मेदला ते आधी पायांत कळलं नाही, श्वासात कळलं. मग मांड्या जड झाल्या. समोरचा रस्ता सपाट होता, तरी चढासारखा वाटू लागला. त्याने गियर हलका केला. आणखी हलका केला. मागची घरघर मंदावली, कारण तोच मंदावला होता. तरी तो बाजूला झाला नाही.

तेव्हा शेवटी असलेले सर रांगेच्या कडेने पुढे आले. सम्मेदच्या बरोबरीला आल्यावर त्यांनी हाताने त्याला बाजूला व्हायची खूण केली. मग मागे वळून हाक दिली.

“सुलभाताई, पुढे या.”

“मी?”

“या.”

“सर, त्यांना नाही जमायचं,” सम्मेद धापा टाकत म्हणाला.

सरांनी पुन्हा तीच खूण केली. सम्मेद बाजूला झाला.

सुलभाताई पुढे आल्या. पहिल्याच झोताने त्यांची सायकल हेलकावली. त्या सावरल्या, खाली वाकल्या आणि चालवत राहिल्या. वेग कमी होता, पण तुटत नव्हता. सरांनी सम्मेदला त्यांच्या मागच्या चाकाशी लावलं आणि स्वतः पुन्हा शेवटी गेले.

वारा एकदम थांबल्यासारखा झाला.

सम्मेदला काही करायचं उरलं नव्हतं. समोर बघायचं, एवढंच.

मुक्कामाच्या गावाची पाण्याची टाकी दिसेपर्यंत ताईंनी पुढची जागा सोडली नाही. कुणी मागितलीही नाही.

मुक्काम शाळेत होता. हातपाय धुऊन सुलभाताई व्हरांड्यात बसल्या आणि त्यांनी घरी फोन लावला. आपण हंपीपर्यंत जाणार, असं त्या घरच्यांना दोनदा सांगत होत्या. पलीकडच्याला पहिल्यांदा खरं वाटलं नसावं.

सम्मेद सरांजवळ येऊन बसला.

“सर, उद्या मी शेवटी राहतो.”

सरांनी विचारलं, “आज मागून काय दिसलं?”

“ताईंचा डावा गुडघा दुखतोय,” सम्मेद म्हणाला. “पायडल खाली जाताना तो बाहेर जातो. कालपासून असेल. त्या बोलल्या नाहीत.”

“आणि?”

“दर थोड्या वेळाने मान वळवून बघायच्या. सगळे आहेत ना, म्हणून.”

“आणि?”



“रस्त्यात खड्डा आला की हात खाली करून मागच्यांना दाखवायच्या. प्रत्येक खड्डा. मी सकाळपासून एकही दाखवला नाही, सर.”

सर उठले. खांद्यावर टॉवेल टाकला आणि नळाकडे निघाले. जाता जाता म्हणाले,

“मग उद्या तू पुढे.”