अप्पासाहेबांच्या गाडीचं दुखणं

सकाळी बरोबर सात वाजून चाळीस मिनिटांनी अप्पासाहेब खराड्यांची गाडी बसली. बंद पडली असं नाही, खरोखरच बसली. फाटकापाशी पोचताच फुस्स करून तिनं मागचं अंग टेकवलं, म्हैस बसते तसं, आणि उठायचं नाव घेईना. आत अप्पासाहेब कडक इस्त्रीत, तासगावच्या बेदाणा सौद्याला निघालेले. त्यांना बेदाण्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून जावं लागलं. सौद्यात ते सगळ्यांनी पाहिलं.

गाडी परदेशी कंपनीची, चौदा वर्षांची, पुण्याच्या एका बिल्डरची वापरलेली. विकत मिळाली ती जुन्याच्या भावात. दुरुस्तीला मात्र नव्याच्या भावानं जायची. आठ महिन्यांत तिचा एसी गेला, काच वर करायची मोटर गेली, आणि समोर जे पिवळे दिवे लागले ते दिवाळी सरली तरी विझले नाहीत.

अप्पा परतले तोवर सांगलीचा गॅरेजवाला येऊन, बॉनेट उघडून, नऊ दुखण्यांची यादी ठेवून गेला होता. गाडी उचलून धरणारे चारही चाकांचे हवेवरचे शॉकअप गेले, गिअरबॉक्स गळतोय, स्टेअरिंग गळतंय, असं बरंच. तेवढ्या पैशात नवी छोटी गाडी आली असती. अप्पांनी यादी वाचली आणि ड्रायव्हर हणमंतकडे पाहिलं.

"तुझं आणि त्या गॅरेजवाल्याचं साटंलोटं आहे," ते म्हणाले. "नसेल तर दिवस मावळायच्या आत सांग, हिला खरं काय झालंय. बॉनेट उघडायचं नाही, पाना लावायचा नाही, फाटकाबाहेर न्यायची नाही. नाही सांगता आलं, तर किल्ली ठेव आणि आवारातली खोली मोकळी कर."

अप्पा एकदा चारचौघांत बोलले की मागे घ्यायचे नाहीत. खोलीच्या दारात त्याची बायको वैजयंता सात महिन्यांच्या पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती.

वैजयंता सातवी शिकलेली आणि पहिल्या नंबरची भित्री. पोर शिंकली की हिला न्यूमोनिया दिसायचा. पोर झोपली की श्वास चालतोय ना म्हणून पदराचा दोरा तिच्या नाकाशी धरून बसायची. शेजारणी हसायच्या, आणि खरं सांगायचं तर तिलाही स्वतःचं हसू यायचं. गाडीतलं तिला एवढंच कळायचं, की पुढे बसलं तर उलटी होत नाही.

आणि तीच बोलून गेली, "मी सांगते, अप्पा."

बोलली आणि तिलाच दरदरून घाम फुटला. हणमंतनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू खोली तर गेलीच, आता बायकोही हातची गेली.

ती खोलीत जाऊन कॉटवर बसली. आपल्याला येतं काय, तर पोर सांभाळणं. तेही घाबरत घाबरत. पण पोरीला तरी कुठे बोलता येतं? तिचं दुखणं आपण कसं ओळखतो?

तिनं कपाटातून लग्नातली पांढरी चादर काढली. हणमंतला इंजिन सुरू करायला लावलं. सकाळी तापलेला हवेचा पंप आता निवला होता; गाडी कण्हत कण्हत वर उठली, तशी वैजयंतानं तिच्याखाली चादर पसरली आणि इंजिन बंद करवलं. मग पदराचा एक दोरा उपसला, गुडघ्यांवर बसली आणि एकेका चाकाच्या आत धरत गेली. मागून अप्पांच्या बेदाणा शेडमधले कामगार फिदीफिदी हसत होते. पोरीच्या नाकाशी धरते तशीच ती गाडीच्या चाकाशी धरत होती, आणि आपण दिसतोय कशा, या विचारानं तिलाच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

चार वाजता गाडी पुन्हा उठवून तिनं चादर ओढून काढली, वाळत घातल्यासारखी दोरीवर टाकली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि अप्पांना बोलावलं.

"दुखणी तीन आहेत," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "पुढे हा हिरवा डाग, रेडिएटरचं पाणी. त्याच्या जरा मागे हा काळा, इंजिनचं ऑइल. हे डाग कशाचे ते यांनी सांगितलं, कुठे पडले ते चादरीनं. बाकी चादर कोरडी आहे. गिअरबॉक्स गळत असता तर मधे ओली झाली असती. आणि दोरा फक्त मागच्या डाव्या चाकाशी हलला. हवा तिथूनच जाते. बाकी तीन ठणठणीत."

अप्पांनी तिथूनच गॅरेजवाल्याला फोन लावला. चारही शॉकअप गेलेत का, विचारलं. तो म्हणाला, चारही. मग पुढची बाजू उभी कशी राहिली, असं अप्पांनी विचारल्यावर त्याला अचानक ऐकू येईना.

अप्पांनी फोन खिशात टाकला. "हणमंत, शिक्षा माफ. खोली तुझी," ते म्हणाले. मग वैजयंताकडे वळले. "एवढं कळतं तर हेही सांग पोरी. तीन दुखणी बरी केली, की ही सुधारेल ना?"

"माझी पोर आज पाळण्यात आहे, उद्या रांगेल, परवा चालेल," वैजयंता म्हणाली. "तुमची चालत होती, आता रांगायला लागलीय. पुढचं तुम्हीच बघा."

हसू लपवायला कामगारांनी माना खाली घातल्या. अप्पांच्या मिशा हलल्या, पण हसू त्यांनी दाबलं. हार मानायची सवय नव्हती. ते चढ्या आवाजात म्हणाले, "वा! मग बक्षीस म्हणून ही गाडी तुलाच दिली!"

वैजयंताचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पोरीला घट्ट धरलं.

"अप्पा," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "शिक्षा माफ झाली, असं आत्ताच म्हणालात की!"

अप्पा इतके हसले, की बेदाण्याच्या बॉक्सवर बसावं लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी छोटी नवी गाडी घेतली, तिची किल्ली हणमंतकडे दिली, पगार वाढवला आणि वैजयंताला डझनभर पांढऱ्या चादरी धाडल्या.

मोठी गाडी अजून फाटकाआत उभी आहे. आत बसलं की अगदी सोफ्यात बसल्यासारखं वाटतं. तुमच्या ओळखीत कुणी घेणारं असेल, तर तेवढं त्याच्या कानावर घाला.