पाचवं मत

"पण चौघेही डॉक्टर चुकत नसतील कशावरून, अण्णा?"

रघुवीर माईणकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. अण्णा महाराज मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते.

माईणकरांना एका जागी बसवेना. उठायचे, खांबापर्यंत जायचे, परत यायचे. सुजलेल्या पायांत चप्पल धड जात नव्हती, पण तोरा अजून साहेबाचाच. जमीन मोजणीच्या खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, असा सहजासहजी कुणाचं ऐकतोय थोडाच.

त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी किडनी बदला म्हणून सांगितलं, तेव्हा माईणकर दुसरं मत घ्यायला कोल्हापूरला गेले. इथवर शहाणपणाचंच झालं. कोल्हापूरनेही तेच सांगितल्यावर मात्र त्यांनी पुणं गाठलं, मग मुंबई. पुण्याचा डॉक्टर म्हणे फारच पोरगेला, आणि मुंबईचा घाईत होता.

किडनी देणार होत्या त्यांच्या पत्नी, कुमुदताई. त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, सगळं जुळत होतं. ऑपरेशनच्या दोन तारखा माईणकरांनी पुढे ढकलल्या होत्या. तिसरी येत्या गुरुवारची होती. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. आणखी उशीर शरीराला झेपणार नाही, हेही चौघांनी सांगून झालं होतं.

"एका मोजणीवर मी कधी विश्वास ठेवला नाही," माईणकर म्हणाले. "फेरमोजणी झाल्याशिवाय बांधाचा दगड हलू दिला नाही."

अण्णांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"फेरमोजणी मागतं कोण रे?"

"ज्याची जमीन कमी भरली तो."

"आणि ज्याची जास्त भरली?"

"तो कशाला मागेल? तो नकाशा घेऊन गुपचूप घरी जातो." माईणकर हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

अण्णा हसले नाहीत...

पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. खांब, ओसरी, खांब. मग चालता चालताच माईणकरांचा आवाज फुटला.

"भीती वाटते, अण्णा. माझं काय व्हायचं ते होवो. पण माझ्यापायी हिला काही झालं तर... मी कुणाला तोंड दाखवू?"

पायरीवर फाइल मांडीत घेऊन बसलेल्या कुमुदताईंनी मान वर केली. चार शहरांच्या चार डॉक्टरांसमोर हे वाक्य एकदाही निघालं नव्हतं.

"मला विचारायचं होतंत," त्या हळूच म्हणाल्या. "मी घाबरलेली नाही."

माईणकरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते अण्णांकडे बघत होते. अण्णा पूर्वाश्रमीचे वैद्य. अजूनही पंचक्रोशीतले लोक त्यांच्यापुढे हात पुढे करत आणि ते निमूट नाडी बघत.

"नको करूस," अण्णा म्हणाले.

"काय?"

"ऑपरेशन. गरज नाही. जा घरी."

त्यांनी नाडी पाहिली नव्हती, फाइल मागितली नव्हती. नजरसुद्धा तांदळांवरून उचलली नव्हती.

माईणकरांना ते दिसलंच नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं त्यांना झालं. डोळे भरून आले. ते घाईघाईने वाकले, अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसेच लगबगीने चपला शोधू लागले.

"ऐकलंस ना? चल, ऊठ. हॉस्पिटलला फोन करून नाही म्हणून सांगू."

कुमुदताई उठल्या नाहीत. फाइल छातीशी धरून त्या अण्णांकडे बघत राहिल्या.

"रघुवीर..."

"काय, अण्णा?"

"मी सांगितलं ते बरोबर आहे का, हे विचारायला कुणाकडे जाणार?"