तार निवेपर्यंत

एकदा एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात तिला कळले की जंतू हवेत, पाण्यात, दाराच्या कडीवर, आपल्या तळहातावरही असतात. झाले! तिच्या तोंडचे पाणी पळाले. त्यात आई नुकतीच मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेली. डॉक्टरांनी सांगितले होते, हात धुऊन खुशाल जवळ बसा. पण ही उंबरठ्यावरूनच विचारी, "आई, बरं वाटतंय ना?" आणि पुन्हा हात धुवायला पळे. हातांची सालपटे निघाली, तरी धास्ती निघेना. आपल्या स्पर्शाने आई दगावेल, हाच एक घोर.

शेवटी आईचे कारण लिहून कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन ती वृद्ध प्राध्यापकांपुढे उभी राहिली. त्यांनी तो वाचला आणि निरुपद्रवी जिवाणू असलेल्या द्रवाची एक नळी पुढे केली. "जाण्याआधी एवढे वाढवून दाखव."

तिने जिवाणू उचलायच्या तारेचे कडे दिव्याच्या ज्योतीत लालबुंद केले आणि तसेच घाईने नळीत बुडवले. चर्र झाले. मग काचेच्या बशीतल्या अगारवर, म्हणजे जिवाणूंच्या अन्नाच्या घट्ट थरावर, रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी बशी कोरी, काहीच वाढले नव्हते! असे तीनदा घडले. खरे सांगायचे तर तिला हायसेच वाटत होते.

चौथ्यांदा तार लाल होताच सरांनी हात आडवा धरला. "थांब. आई काय म्हणते घरी?"

हातात तापलेली तार, समोर जंतू, आणि हे काय भलतेच विचारतायत! ती तारेकडेच बघत म्हणाली, "म्हणते... जरा जवळ बस."

तारेची लाली जाऊन ती पार निवेपर्यंत सरांनी हात आडवाच ठेवला. मग म्हणाले, "घाल आता."

या वेळी आवाज झाला नाही. दुसऱ्या दिवशी बशीत पांढरे टिपके उमटले होते.

"अगं, तार ज्योतीतच शुद्ध झाली होती," सर म्हणाले. "ती निवू देण्याचा धीर तुला नव्हता. म्हणून जिवाणू जळाले, आणि चर्र होऊन थेंबही उडाले. ज्याला भ्यालीस, तेच हवेत उधळलंस. हातांचंही तेच, धुऊन धुऊन भेगा पडल्यात. त्या भेगांतच जंतूंना घर मिळतं, बाळ. काळजी घ्यावी, आणि घेऊन झाली की थांबावं."

संध्याकाळी तिने एकदाच हात धुतले, पुसले. पुन्हा नळाकडे वळावेसे वाटले. तरी ती आत गेली आणि आईचा हात हातात घेऊन बसली.

"घाई नाही ना गं?" आईने विचारले.

"नाही," ती म्हणाली, आणि बसून राहिली.