शेंदराखालचा कायदा

फार फार जुनी गोष्ट. राजे वेश पालटून गावोगाव हिंडत असत, तेव्हाची. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्या माणसांनीच केली आहे.

नदीकाठच्या एका गावात सटवाजी नावाचा रंगारी राहत होता. बायकोचं नाव म्हाळसा. घरात तांब्याच्या तीन कढया होत्या, एक लाल रंगासाठी, एक पिवळ्या, एक निळ्या. सटवाजीनं रंगवलेलं लुगडं फाटेल, पण रंग सोडणार नाही, असं बायका म्हणत.

एका साली नदीला पूर आला आणि काठावर वाळत घातलेलं सगळं कापड वाहून गेलं. कापड गिऱ्हाइकांचं होतं. ते भरून द्यायला सटवाजीनं कर्ज काढलं. थोडं तेल्याकडून, थोडं मीठ विकणाऱ्या म्हातारीकडून, आणि बरंचसं सावकाराकडून. पुढं नदी ओसरली, पण कर्ज काही ओसरेना.

सावकार ओरडणाऱ्यांतला नव्हता. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचा आणि गोड आवाजात विचारायचा, "काय सटवाजी, जेवणखाण झालं का?" बस्स, एवढंच. आत सटवाजी ताट बाजूला सारायचा. दारात कुत्रं हललं तरी तो दचके. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे.

आता त्या राज्यातली एक चाल सांगतो. ज्याला देणं फिटत नाही, त्यानं भर दुपारी आपल्या उंबऱ्यावर दिवा लावायचा. बाप रे! त्या दिव्याचं नुसतं नाव काढलं तरी लोक कानांवर हात ठेवत. दिवा लागला की घर जातं, अवजारं जातात, मंगळसूत्र जाऊन बायकोचा गळा मोकळा होतो, असं जो तो सांगे. तुला कुणी सांगितलं, असं विचारलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवी. आणि सावकार मान हलवून म्हणे, "खरं आहे हो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

चावडीसमोर एक उभा दगड होता, शेंदरानं माखलेला. त्याला लोक दिवेदेव म्हणत. त्याच्यापुढं नारळ फोडून विनवत, "देवा, दुपारचा दिवा लावायची पाळी आणू नकोस रे बाबा!"

सटवाजीनं मूठ झाकली. सावकाराच्या गाडीत त्यानं आधी लाल कढई चढवली. काही महिन्यांनी पिवळी चढवली. दोन्ही व्याजातच गेल्या, मुद्दल जागच्या जागी. मग सावकार म्हणाला, "निळीसाठी उद्या दुपारी गाडी घेऊन येतो."

"अहो, ही गेली तर पोटाला काय खायचं?" म्हाळसेनं विचारलं. "आणि तेल्याचं कसं फेडायचं? त्या म्हातारीचं?"

"मला काही सुचत नाही बघ."

"चावडीवर जाऊन विचारूया तरी! विचारायला काय पैसे पडतात?"

"आणि गावभर बोभाटा करू? तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

शहाणा माणूस! तोंड लपवायच्या नादात हातचा धंदा चालला होता, ते त्याला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाळसा एकटीच नारळ घेऊन दगडापाशी गेली. रागानं म्हणा, भीतीनं म्हणा, तिनं नारळ असा आपटला की शेंदराचं जाड कवच तडकलं आणि त्याचा मोठा पापुद्रा खाली पडला.

"अगं बाई, देव फुटला!" आजूबाजूच्या बायका ओरडल्या.

पण आत देव नव्हता. आत अक्षरं होती. गलका ऐकून चावडीतले म्हातारे न्यायाधीश डोळे चोळत बाहेर आले.

"हा देव नव्हे, बाई. हा राजाचा कायदा आहे. तुमच्याच भल्यासाठी कोरलेला."

"मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही?"

न्यायाधीश खाली बघत म्हणाले, "कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर, खोबरं आयतं मिळत होतं."

मग ते वाचू लागले. "देणं फिटेना, त्यानं उंबऱ्यावर दिवसा दिवा लावावा. दिवा लागला की कुणाही धनकोनं उंबरा ओलांडू नये. धंद्याची अवजारं, चूल-भांडी, अंथरूण-पांघरूण आणि बायकोचं मंगळसूत्र यांना कुणी हात लावू नये. बाकी जे असेल ते पंचांनी सगळ्या धनकोंना ज्याच्या त्याच्या देण्याच्या मानानं वाटावं. त्यानंतर उरलेलं कर्ज माफ. मात्र ज्यानं काही लपवलं, त्याचा दिवा विझला असं समजावं."

"आणि दिव्याच्या आधी दिलेलं?"

"आपल्या हातानं उंबऱ्याबाहेर काढलेलं परत मिळत नाही."

म्हाळसेनं पदर खोचला आणि धूम पळत सुटली.

दारात गाडी उभी होती. निळी कढई अर्धी उंबऱ्याबाहेर आली होती आणि चौकटीत अडकली होती. सावकाराची माणसं बाहेरून ओढत होती. आणि आतून ढकलत कोण होतं? खुद्द सटवाजी!

म्हाळसेला आत शिरता येईना. ती कढईवरून ओरडली, "अहो, ढकलू नका! दिवा लावा! कढई आपलीच राहते, कायदाच आहे तसा!"

गल्ली गोळा झाली होती. सटवाजी पुटपुटला, "म्हाळसे, अगं लोक बघतायत."

"बघू देत! उद्या आपली चूल पेटली नाही तर ते बघायला तरी येणार आहेत का?"

"सटवाजी," सावकार हळूच म्हणाला, "बायकामाणसांचं काय ऐकता? लावा जोर. अब्रू जाईल."

सटवाजीनं आपल्या हातांकडं पाहिलं. कोपरापर्यंत निळे होते. त्याच्या बापाचेही तसेच होते. कढई गेली तर हे हात महिन्याभरात पांढरे पडतील, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला रडू फुटलं.

तो आत गेला. देव्हाऱ्यातलं निरांजन घेऊन आला आणि कढईशेजारी उंबऱ्यावर ठेवलं. वाऱ्यानं वात पेटेना. पेटली तर विझायला लागली. त्यानं ओंजळीचा आडोसा केला. ज्योत उभी राहिली, आणि सावकारानं पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं.

आभाळ कोसळलं नाही. कुणाचा गळा मोकळा झाला नाही.

तोवर न्यायाधीश पंचांना घेऊन पोचले. त्यांनी विचारलं, "काही लपवलंयस का, सटवाजी?"

सटवाजीची नजर चुलीकडं गेली. आईचे चांदीचे तोडे त्यानं चुलीमागं पुरले होते. म्हाळसेलाही ते ठाऊक नव्हतं. एक शब्द गिळला असता, तर तोडे राहिले असते. पण उद्या कुणाला कळलं, तर कढई जाणार होती.

"आहेत," तो म्हणाला. "चुलीमागं तोडे आहेत."

म्हाळसेनं त्याच्याकडं असं पाहिलं की सावकार परवडला!

तोडे विकून पैसे वाटले गेले. सावकाराला त्याचा वाटा मिळाला, तेल्याला त्याचा. मीठवाल्या म्हातारीनं आपले पैसे पदराच्या गाठीला बांधले आणि डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, सगळं सावकारच नेणार. म्हणून मी मागायलाच आले नाही, लेकरा." बाकीचं देणं त्या दिवशी मिटलं. कढई परत आत गेली. त्या रात्री सटवाजी घोरला, आणि म्हाळसेनं त्याला घोरू दिलं.

तेव्हापासून त्याच्या दुकानात फक्त निळं कापड मिळे. लग्नसराईत गिऱ्हाइकं यायची आणि विचारायची, "सटवाजी, लाल नाही का?"

तो मान खाली घालून सांगायचा, "लालही राहिलं असतं हो. मीच माझ्या हातानं ती कढई गाडीत चढवली. चावडी चार पावलांवर होती, पण विचारायची लाज वाटली."

तात्पर्य: कायदा विचारायला लाजू नये; लाजेपायी हातानं दिलेलं कायदाही परत आणू शकत नाही.