रुसलेली झडप

फार पूर्वी, एका लोखंडी खिडकीच्या दोन झडपा जावा-जावांसारख्या राहत. मिस्त्रीने गंजलेल्या डावीला नवी बिजागरी आणि नवी काच बसवली. उजवी जळफळली.

"मिरव हो! पण मिटल्यावर माझी कड तुझ्या कडेवर बसते. माझ्याआधी उघडून तर दाखव!"

रथसप्तमीच्या सकाळी घरच्या वत्सलाबाई खिडकीतून सूर्याला दुधाचा नैवेद्य दाखवायला आल्या. उजवी घट्ट बसून राहिली.

"ताई, सूर्य वर आला गं!" डावी कळवळली.

"येऊ दे."

वत्सलाबाई ढकलता ढकलता थांबल्या. "तुझ्याकडे बघायचंच राहिलं गं बाई," म्हणत त्यांनी देवाजवळचं तेल तिच्या बिजागरीत सोडलं.

उजवी विरघळली, उघडली. मागोमाग डावीही उघडली, आणि तिच्या नव्या काचेवरचं ऊन सगळ्यांत आधी उजवीच्याच अंगावर पडलं.