तांबड्या पट्टीची रांगोळी

दोष सिद्रामप्पा वणकुद्र्यांचा होता. बोरगुंडीच्या पेठेत नवा माणूस आला की हमखास विचारतो, रस्ता एवढा अरुंद, मग डाव्या हाताची ही पट्टी मोकळी कशी? आणि तिच्या काठाने रोज सकाळी रांगोळी कोण घालतं? मग देवळाच्या कट्ट्यावरचे म्हातारे घसा खाकरून सिद्धलिंगाचा चमत्कार सांगायला बसतात. चमत्कार सांगितला की माणसाचं नाव घ्यावं लागत नाही. म्हणून नाव आधीच घेतलेलं बरं.

तेव्हा गाव चादरीच्या मागांवर जगायचं आणि मागावरची माणसं सायकलवर. कुण्या जुन्या नगराध्यक्षाने पेठेच्या कडेला दगड रोवून, तांबडा मुरूम पसरून सायकलींना वेगळी वाट करून दिली होती, असे सांगतात. भोंगा झाला की त्या पट्टीवरून लोंढा वाहायचा. पुढे ट्रक आले, अडत वाढली, आणि पेठ तुंबायला लागली.

सिद्रामप्पा अडत्ये. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पैशापेक्षा मोठी गोष्ट त्यांच्या घरात होती, ती म्हणजे काठीचा मान. संक्रांतीला सिद्धलिंगाची काठी निघते. घराच्या आढ्याहून उंच, ती उभीच कमरेच्या कातडी झोळीत एकट्याने पेलायची; दोन्ही अंगांनी माणसं नुसते दोर धरतात. ती वाटेत जमिनीला टेकली तर गावाचं वर्ष वाईट जातं. आणि काठी चालते ती बायकांनी घातलेल्या रांगोळीवरून. रांगोळी सोडून पाऊल टाकायचं नाही. देवळापासून पेठ संपेपर्यंत काठी वणकुद्र्यांची. अप्पांच्या बापाने पेलली, आज्याने पेलली. अप्पांना झोपेतसुद्धा तिचा भार कमरेवर जाणवायचा, म्हणे.

तर पेठेतल्या वाहतुकीवर पालिकेपुढे सभा भरली. अप्पा म्हणाले, पट्टी काढा, रस्ता रुंद होईल, कोंडी सुटेल. पहिल्या रांगेतल्या पागोट्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाचीही सायकल नव्हती.

"सायकलवाल्यांना कोण जाऊ नका म्हणतंय?" अप्पा म्हणाले. "कडेकडेनं जावा की."

मागून गौराबाई म्हेत्रे उठली. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी बाई, नवरा गेल्यावर लुगड्याचा काचा मारून त्याचीच सायकल चालवायची. "कडेला तुमची पोती हायत, अप्पा. पोत्यांच्या कडेला तुमचा ट्रक. मग म्या काय भिंतीवरनं पालीगत जाऊ?"

सभा हसली. अप्पांना ते झोंबलं. थोरामोठ्यांना मुद्दा झोंबत नाही, हसणं झोंबतं. त्या तिरमिरीत त्यांनी हात वर केला. "सिद्धलिंगाची आण घेऊन सांगतो. पट्टी काढा, संक्रांतीपर्यंत रस्ता पाण्यागत वाहील. न्हाई वाहिला तर काठीला हात लावणार न्हाई!"

टाळ्या पडल्या. दगड उपटले, मुरमावर डांबर ओतलं. चार दिवस रस्ता खरंच रुंद दिसला. मग त्या रुंदीत ट्रक येऊन उभे राहिले, पहिला अप्पांचाच, दारासमोर. सायकली मधल्या रस्त्यावर आल्या, त्यांच्यामागे मोटारी रांगू लागल्या. गौराबाईचा दीर मल्लू एका चाकाला घासून पडला, नि बरेच दिवस माग सोडून घरात बसला. अप्पांना आण आठवत होती. कट्ट्यावरच्या सोबत्यांनी त्यांची समजूत घातली: सुगीची गर्दी आहे, ही काय मोजायची? आण म्हणजे काय शब्दशः असते होय? म्हातारपणी माणसं शहाणी होतात असं जे म्हणतात, त्यात हाही शहाणपणा धरायचा असेल.

संक्रांत आली. अप्पांनी झोळी बांधली, काठी उचलली, देवळाबाहेर पाऊल टाकलं आणि पाहिलं, तर मधला रस्ता कोरडा. बायकांनी रांगोळी घातली होती ती डाव्या कडेने, जिथे पट्टी होती तिथून. सण म्हणून मधला रस्ता मोकळा करायला सगळ्या गाड्या त्याच कडेला सारलेल्या. पुढची पोरं ओरडत, हाकत एकेक गाडी काढू लागली, बायका मोकळ्या झालेल्या जागी रांगोळी जोडू लागल्या. काठी तसतशी सरकत राहिली आणि वणकुद्र्यांच्या दारात थांबली. तिथे गुळाने भरलेला ट्रक. रांगोळी त्याच्या पुढच्या चाकापर्यंत जाऊन थांबलेली, नि मागच्या चाकापलीकडून परत सुरू. ड्रायव्हर किल्ली घेऊन सणाला गावी गेलेला. रजा अप्पांनीच दिली होती.

"दोन पावलं बाहेर टाका, अप्पा," कट्टेकरी कुजबुजले. "देव समजून घेतो."

"कडेकडेनं जावा की," गौराबाई म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. दोर धरलेले खाली बघत होते. तिथे काठी जड झाली, असे सांगतात. देवाने आपला भार टाकला म्हणे. जड कशाला होईल? चालताना भार वाहून जातो, उभं राहिलं की कळतो. अप्पांना वर बघवेना. शेवटी त्यांनी सगळ्यात जवळचा दोर धरणाऱ्याला हाक मारली. तो मल्लू होता.

"धर रे," अप्पा म्हणाले. "माझ्यानं न्हाई व्हायचं. म्या आण घेतली होती."

मल्लूने काठी जमिनीला न टेकवता हातांवर तोलून धरली, अप्पांनी आपली झोळी सोडून त्याच्या कमरेला बांधली. मागवाल्यांनी गुळाच्या ढेपा हातोहात उतरवल्या, रिकामा ट्रक ढकलून बाजूला केला, बायकांनी मधली तुटलेली रांगोळी जोडली, आणि काठी रांगोळीवरून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी गौराबाईने पट्टीच्या काठाने पुन्हा रांगोळी घातली. काठीच्या वाटेवर मोटारीचं चाक घालायची छाती कुणाची होणार?

आजही पेठेतल्या बायका आळीपाळीने ती रेघ ओढतात. आजही पलीकडे मोटारी तुंबतात, हॉर्न बडवतात, पण रेघ ओलांडत नाहीत. आतून सायकली जातात. पालिकेच्या दप्तरी ती पट्टी अजूनही काढून टाकलेलीच आहे.

अप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. काठी पुन्हा त्यांच्या हाती आली नाही, त्यांच्या मुलाच्याही नाही.