साबीनचा क्रूस

वसईकडे पानमळ्यांच्या एका गावात बावखलाच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, काठावर जुना दगडी क्रूस आहे. त्याच्या पायथ्याशी एक गंजलेला कोयता दगडातच रुतून बसला आहे. पाहुणे तो ओढून बघू लागले की गावातले म्हातारे दुमिंगकाका घाईघाईने म्हणतात, "राहू द्या, बाबांनो. तो आपला नाही." मग गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, इथे साबीन नावाची विधवा राहत होती. पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले आणि शेजारच्या सांतानने तिच्या एकुलत्या एका मुलाला विहिरीत ढकलले. पाहिले कोणीच नव्हते. तिला मात्र ठाऊक होते. तिने कोयत्याला धार लावली आणि निघाली. पाद्रीबाबांनी वाटेतच अडवले.

"सूड देवाचा आहे, बाय. त्याच्या हाती दे."

"आणि तुमचा देव विसरला तर?"

"तो विसरत नाही, याचीच तर मला भीती वाटते."

साबीनला ते सोयीचे वाटले. आपला हात ऐनवेळी थरथरेल, देवाचा थरथरणार नाही. तिने कोयता क्रूसापाशी ठेवला, सांतानचे नाव घेतले आणि घरी येऊन वाट पाहू लागली.

आठवड्यात सांतानची विहीर आटली. मग त्याचा बैल बसला, तो उठलाच नाही. साबीन त्या दिवशी पोटभर जेवली. पण रविवारी त्याची चार वर्षांची रोझिन तापाने फणफणली. कुडापलीकडून तिचे कण्हणे ऐकू येऊ लागले, तशी साबीन गार पडली. कोयत्याने एकच मान कापली असती. हा हात कुठे थांबणार? आणि ते घर संपल्यावर कुणाकडे वळणार? शेवटच्या दुखण्यात सासूला तिने गोठ्यात उपाशी ठेवले होते. तेही कोणी पाहिले नव्हते.

भर दुपारी ती अनवाणी धावली. कोयता परत घ्यायला वाकली, तर तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना. शेवटी क्रूसाला कवटाळून ती ओरडली, "आधी साबीनचा न्याय कर, देवा! मग त्याचा!"

असे सांगतात, की दिवस मावळायच्या आत पोरीला घाम फुटून ताप उतरला. पुढे सांतान आपणहून गावासमोर कबूल झाला. साबीनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मरेपर्यंत ती पाद्रीबाबांच्या देवळात सर्वांत मागे बसत असे.

आजही गावात कोणावर अन्याय झाला की तो या क्रूसापाशी येतो. रीत एवढीच, की दुसऱ्याचे नाव देवाच्या हाती देण्याआधी स्वतःचे द्यायचे. बहुतेक जण ते पहिले नाव घेतात, बराच वेळ उभे राहतात, आणि तसेच घरी परततात.